तीन तरुण दाणे

"ताई, चाळणी धुवून घेतलीस ना?" बहिणीनं ओट्यापाशी पाठमोरं उभं राहूनच विचारलं. मी घेतली नव्हती. खाली बघितलं तर परातीतल्या पांढऱ्याशुभ्र मैद्यावर तपकिरी पट्टा उतरला होता, बोटभर रुंद, कडेला विरत गेलेला. मगाशी तिनं त्याच चाळणीतून कोको चाळला होता आणि त्यातला चिमूटभर कडेच्या तारांत अडकून राहिला होता. गोष्ट एवढीच. भाचीच्या वाढदिवसाचा केक, त्यात पुढे कोको पडणारच होता. बहीण वळून बघून हसली आणि म्हणाली, "जाऊ दे गं, शेवटी एकाच भांड्यात जायचंय सगळं." मला मात्र हसू येईना. माझ्या तळहातांना घाम सुटला होता आणि तो मैद्यात मिसळून बोटांवर चिकट थर बसत होता. मी चाळणी उजेडाकडे धरून बघत राहिले. अडकलेला कण डोळ्याला दिसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी बघत राहिले. बहीण म्हणाली, "अशी काय बघतेस, चोर पकडल्यासारखी?" मी चाळणी खाली ठेवली, हात धुतले आणि जरा जाऊन येते म्हणाले. कुठे, असं तिनं विचारलं. सरांकडे, म्हणाले. केकचं काय, असं तिनं विचारलंच नाही. गेला आठवडाभर मी रोज जाते जाते म्हणत होते आणि रोज काही ना काही निमित्त काढून घरी बसत होते, हे ती बघत होती.

वर माझ्या खोलीत जाऊन मी कपाटातलं पाकीट पर्समध्ये टाकलं. त्यात एकच कागद होता, आणि तो गेले चार महिने माझ्याजवळ होता. जिन्यावरून उतरताना गुडघे दुखत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईचे गुडघे, त्यांना दुखायचा हक्क आहे. प्रयोगशाळेतल्या मुली मला माझ्या मागे कात्रीबाई म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. आमचं काम खडकाचं वय काढायचं. त्यातही राखेच्या थरांचं. फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी गाळ बसत होता, हजारो वर्षांत वीतभर, इतका सावकाश. आणि मधेच एखाद्या दिवशी कुठेतरी शेकडो मैलांवर ज्वालामुखी फुटायचा, त्याची राख वाऱ्यावर यायची, समुद्रावर पडायची आणि एक-दोन दिवसांत तळाला जाऊन बसायची. वर पुन्हा गाळ. पुढे सगळ्याचा दगड झाला, आणि त्या काळ्या करड्या दगडात बोटभर जाडीची एक फिकी, मऊ पट्टी राहिली. दगडाला स्वतःचं वय सांगता येत नाही, पण त्या पट्टीला येतं, कारण राखेबरोबर झिरकॉनचे बारीक दाणे आलेले असतात आणि दाण्याच्या आत युरेनियमचं शिसं होत राहतं, ठरल्या वेगानं, कुणी बघो न बघो. ते दाणे मिळवायचे म्हणजे नमुना भिजवायचा, धुवायचा, बारीक नायलॉनच्या जाळीतून चाळायचा आणि उरलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक दाणा वेचायचा. नियम एकच आणि तो दगडावरची रेघ: एका नमुन्याला एक जाळी. काम झालं की जाळी कात्रीनं चार तुकडे करून टाकायची, म्हणजे कुणाला मोह व्हायला नको. मी हे दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मुली जाळ्या माझ्याकडे आणून देतात आणि मी त्यांच्यादेखत कापते. सत्तावीस वर्षं मी हे करते आहे. इतक्या वर्षांत एकीनंही विचारलं नाही की मॅडम, तुम्हाला कुणावरच कसा विश्वास नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते कोण जाणे.

रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. दुकानांची दारं अर्धी उघडी, एका बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेला. सरांचं घर चालत वीस मिनिटांवर. या वीस मिनिटांच्या रस्त्याला मी वर्षानुवर्षं वळसा घातलेला आहे. पहिली काही वर्षं जात होते, मग सहा महिन्यांतून एकदा, मग सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या तेव्हा. तेव्हासुद्धा चपला न काढताच दारात उभी राहिले आणि परत आले. लोकांना वाटलं, बाईला फार लागलंय, पाय उचलेना. लोक किती चांगलं समजून घेतात. चोराच्या मनात चांदणं असतं ते चोरालाच ठाऊक, बाकीच्यांना तो नुसता शांत उभा असलेला माणूस दिसतो.

सरांनी मला कामावर घेतलं तेव्हा मी एकतिशीची होते, हंगामी नोकरी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. सर पंचावन्नचे. मोठा माणूस, पण मोठेपणाचा पोशाख न घालणारा. कुठल्या तरी नदीच्या काठावर उघड्या पडलेल्या थरात त्यांना सरपटणाऱ्या जिवांच्या खुणा सापडल्या होत्या. नुसत्या वळवळीच्या रेघा, अळी चालून गेल्यासारख्या. त्यांचं म्हणणं होतं की या रेघा साठ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत, लोक समजतात त्याच्या कितीतरी आधीच्या. लोक हसत. सर म्हणत, रेघांच्या अगदी खाली राखेची पट्टी आहे, तीच बोलेल. ती पट्टी आणायला ते गेले तेव्हा काकूही बरोबर होत्या. काकू नेहमीच जात. सर दरडी उकरत, काकू पिशव्या भरून चिठ्ठ्या लिहीत. सरांची राख ओळखायची रीत ठरलेली होती: चिमूटभर माती दाताखाली धरायची, कचकच लागली तर नुसता गाळ, लोण्यासारखी विरघळली तर राख. काकू म्हणत, "लग्नात यांना काय आवडतं विचारलं तर कुणी सांगितलं नाही माती म्हणून." त्या फेरीत त्यांनी दोन ठिकाणची राख आणली. वरच्या बाजूच्या एका खाणीतली तीन पिशव्या, आणि नदीकाठची दोन. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि तीच बाहेरून शिवलेली. अशी दुहेरी चिठ्ठी लिहिणारं दुसरं माणूस मी आजवर पाहिलं नाही. अक्षर गोल, शाळेतल्या बाईंसारखं. पाचही पिशव्या मीच उघडल्या. पाचही पिशव्यांत आतली चिठ्ठी आणि बाहेरची चिठ्ठी जुळत होती. हे मी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं, मी स्वतःला सांगते, हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं होतंस.

आधी खाणीतली राख काढली. तिचे दाणे लांबट, फिकट गुलाबी, सुईच्या टोकासारखे. वय नंतर चौपन्न कोटी निघालं, त्यात कुणाला आश्चर्य नव्हतं. मग नदीकाठची घ्यायची तर नव्या जाळ्या संपल्या होत्या. पार्सल सोमवारी येणार, आणि दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर आमची वेळ गुरुवारची. दाणे वेचायलाच तीन दिवस लागतात. ती वेळ चुकली असती तर पुढची सात महिन्यांनी. सर परगावी व्याख्यानाला गेले होते. मी खाणीच्या नमुन्याची जाळी कापली नव्हती, तशीच टांगलेली होती. ती मी घेतली, अल्ट्रासॉनिकच्या, ध्वनीच्या कंपनांनी धुणाऱ्या भांड्यात तासभर धुतली, धारेखाली धरली, उजेडाकडे धरून बघितली. स्वच्छ. इतकी स्वच्छ की मला माझंच कौतुक वाटलं. वेळ गाठायची होती, सरांनी येऊन शाबास म्हणायला हवं होतं. मोठ्या चुका करताना माणसाला वाईट वाटत असतं हे कुणी पसरवलं कोण जाणे. मी त्या दुपारी गुणगुणत होते.

निकाल आला. अकरा दाणे, आठ साठ कोटींचे आणि तीन चौपन्नचे. आमच्या धंद्यात म्हातारे दाणे चालतात. जुन्या खडकातले दाणे ज्वालामुखी बरोबर घेऊन येतोच, त्यांना कुणी विचारत नाही. पण तरुण दाणा एक जरी निघाला तरी थर तेवढाच तरुण. जो दाणा अजून जन्मलाच नाही तो आधीच्या राखेत कसा येईल? तीन तरुण दाणे, आणि सरांच्या साठ कोटींचे चौपन्न झाले. रेघा एकदम सामान्य ठरल्या. ज्यांनी हसायचं ते रीतसर हसले. त्याच आठवड्यात, सगळे घरी गेल्यावर, मी ती जाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ती अजून होती, मी ती पुन्हा टांगून ठेवली होती. अर्धा तास बघितलं. विणीच्या गाठीत दोन दाणे आडवे बसले होते. लांबट, गुलाबी. नदीकाठचे दाणे बुटके, रंगहीन होते, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. मी कात्री घेतली आणि जाळीचे तुकडे केले. चार करायचे असतात, मी मोजले नाहीत. खूप केले.

आता यात मला कुणी विचारलं की का नाही सांगितलंस, तर माझ्याकडे कारणांची कमतरता नाही. नोकरी कायम व्हायची फाईल साहेबांच्या टेबलावर होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली, बहिणीचं शिक्षण चालू. सगळं खरं आहे. पण हे सगळं शोभेचं. खरं कारण भीती, आणि तीसुद्धा नोकरीची कमी. सर माझ्याकडे कसं बघतील, याची पाचावर धारण बसली होती. आणि मग मला सांगावं लागलंच नाही. कुणीतरी बैठकीत म्हणालं, पिशव्यांची गल्लत झाली असेल, खाणीतली एक पिशवी नदीच्या नावावर गेली असेल, एका दिवसात दोन ठिकाणं केल्यावर असंच होणार. सर म्हणाले, शक्य आहे. सुंठीवाचून खोकला गेला. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, पेन उघडत होते आणि मिटत होते. पाचही पिशव्या धुऊन चाळून संपल्या होत्या. नदीकाठचा तो उघडा थर पुढच्याच वर्षी रस्त्याच्या भिंतीमागे गेला. पुन्हा तपासायला काही उरलं नाही. सरांनी त्या विषयावर एक ओळसुद्धा पुन्हा लिहिली नाही, चार वर्षं आधीच निवृत्ती घेतली. माझी नोकरी कायम झाली. पेढे नाही वाटले मी, एवढीच काय ती लाज.

त्यानंतर महिन्याभरानं काकू एकदा प्रयोगशाळेत आल्या. सर नव्हते, त्यांना ते माहीत असावं. माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. पदराशी काही चाळा नाही, रडवेला चेहरा नाही, सरळ विचारलं, "चिठ्ठ्या माझ्या हातून चुकल्या असतील का गं? तू पिशव्या उघडल्यास म्हणून विचारते." मी त्यांच्याकडे बघितलं. मला ती आतली चिठ्ठी दिसत होती, बाहेरची चिठ्ठी दिसत होती, दोन्हींवरचं तेच गोल अक्षर दिसत होतं. आणि मी म्हणाले, "होतं कधी कधी, काकू. मनाला लावून घेऊ नका." किती प्रेमानं म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, औषधं लागू पडतायत का विचारलं, आणि गेल्या. खिडकीतून मला त्या फाटकापर्यंत दिसत होत्या. एकदा थांबून त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, असं मला तेव्हा वाटलं. कदाचित घड्याळ बघत असतील. त्यानंतर त्या सरांबरोबर कुठल्या फेरीला गेलेल्या मी ऐकलं नाही, पण सरही फारसे कुठे जात नव्हते, म्हणून मी त्याचा विचार केला नाही. विचार न करणं ही मी पुढे फार वरच्या दर्जाला नेलेली विद्या आहे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी पाणीखात्यानं त्या नदीच्या अलीकडे बोअरचं खोल भोक घेतलं. त्यांना पाणी हवं होतं, लागलं नाही. भोकातून निघालेल्या दगडाच्या नळकांड्या मात्र त्यांनी आमच्या गोदामात आणून टाकल्या. मी एका दुपारी पेट्या बघत होते. अठ्ठावन्नाव्या मीटरला काळ्या दगडात एक फिकी पट्टी, बोटभर. वर दोन हातांवर त्या रेघा. मी चिमूटभर माती दाताखाली धरली. विरघळली. गोदामात मी एकटीच होते, तोंडात साठ कोटी वर्षांपूर्वीची राख, आणि मला हुंदका आला तो त्या मातीसकट गिळावा लागला. सगळं काम मी स्वतः केलं. नवी जाळी, नवी भांडी, कुणाला हात लावू दिला नाही. मुली म्हणाल्या, कात्रीबाईंना आता म्हातारचळ लागला. एकोणीस दाणे यंत्रावर गेले आणि चार महिन्यांपूर्वी निकाल आला. एकोणीसच्या एकोणीस साठ कोटींचे. सर बरोबर होते. पहिल्यापासून बरोबर होते.

मग हा कागद चार महिने कपाटात कशाला ठेवला? कारण निकाल सांगता येत नव्हता, जाळीचं सांगितल्याशिवाय. असं मला आधी वाटत होतं. मग गेल्या आठवड्यात सरांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, बाबांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात आठवडे मोजा. तुमची आठवण काढतात." आणि त्या रात्रीनंतर माझ्या लक्षात आलं की सांगता येतं. सहज सांगता येतं. सर, तुम्ही बरोबर होतात, हा बघा निकाल. जुन्या तीन दाण्यांचं काय? पिशव्यांची गल्लत, दुसरं काय. सर्वांनी ते कधीच मानलं आहे. चिठ्ठी लिहिणारी गेली, तिला आता काय लागणार? झाकली मूठ झाकलेलीच राहील आणि म्हातारा आनंदानं डोळे मिटेल. यात वाईट काय होतं ते मला सापडेना, आणि तरी पाय निघेना. आज त्या तपकिरी पट्ट्यानं ढकललं. पण निघताना माझ्या मनात तेवढंच होतं, अर्धंच. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढताना मी ते वाक्य पाठ करत होते: पिशव्यांची गल्लत, दुसरं काय.

मुलीनं दार उघडलं. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती, दोन वेण्यांची. आता कानापाशी पांढरं आणि डोळ्यांखाली जागरण. "बरं झालं आलात," म्हणाली आणि माझी पर्स घेऊ लागली. मी दिली नाही. सर खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. नाकाशी नळी, बाजूला प्राणवायूचं यंत्र गुरगुरत होतं. इतका उंचपुरा माणूस, पांघरुणाखाली नुसती एक घडी राहिली होती. "कोण, कात्रीबाई?" ते म्हणाले. माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर. "बस. जाळ्या कापतेस म्हणे सगळ्यांच्या. माझी शिकवण कुणीतरी पाळतंय." मी बसले. मी पर्समधून कागद काढून मुलीकडे दिला आणि म्हणाले, "वाचून दाखव त्यांना. नदीकाठची पट्टी आहे, सर. पाणीखात्यानं घेतलेल्या भोकातून मिळाली." त्यांचा हात पांघरुणावर स्थिर झाला. मुलगी एकेक आकडा वाचत गेली. ते ओठांनी मोजत होते.

"एकोणीसच्या एकोणीस?"

"हो, सर."

"तरुण एकही नाही?"

"एकही नाही."

सर हसले. हसता हसता खोकला आला, मुलीनं पाठीवर हात फिरवला, तरी ते हसतच होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्या क्षणी इतकं सुख झालं की मी जवळजवळ सुटलेच होते. मग ते शांत झाले, मागे टेकले आणि अगदी समाधानानं म्हणाले, "म्हणजे पिशवीच ती. हिच्या आईनंच चिठ्ठी चुकवली. मी सांगत होतो." पाठ केलेलं वाक्य मला बोलायची गरजच उरली नाही. मी नुसती मान हलवायची होती. सर बोलत होते, जुना हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसं, मोकळं. "ऐकायचीच नाही. आतली आणि बाहेरची जुळत होती म्हणायची. मी म्हटलं, दोन्ही चुकीच्या लिहिल्यास तर जुळणारच. लोकांसमोर मी माझ्यावर घेतलं, पण घरात तरी खरं बोलावं की नाही माणसानं? मग मी बोलणंच सोडलं. कामापुरतं बोलायचो. मीठ दे, दार लाव. वीस वर्षं तरी झाली असतील." मुलगी कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं खाली बघितलं. वीस वर्षं. मीठ दे, दार लाव. मी सहा महिन्यांनी यायचे तेव्हा काकू चहा ठेवून आत जायच्या आणि मला वाटायचं, कामात असतील.

"सर," मी म्हणाले, "चिठ्ठ्या जुळत होत्या आणि बरोबर होत्या. पिशव्या मी उघडल्या होत्या." माझा आवाज मला परका वाटत होता. "जाळी नव्हती. मी खाणीचीच जाळी धुवून वापरली."

ते माझ्याकडे बघत राहिले. नजर अधू झाली होती तरी मला ती पूर्वीचीच वाटली, तोंडी परीक्षेतली.

"किती वेळ धुतलीस?"

"तासभर. अल्ट्रासॉनिकमध्ये."

"तासभर पुरत नाही."

"नाही, सर."

"कशावरून म्हणतेस, जाळीतूनच आले?"

"निकालानंतर जाळी भिंगाखाली घातली. विणीत दोन अडकलेले होते. लांबट, गुलाबी."

"कधी बघितलंस?"

"त्याच आठवड्यात."

यंत्र गुरगुरत होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूंटूं आवाज बराच वेळ चालला. मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील, आणि मी त्याची वाट बघत होते, मला ते हवंच होतं, सत्तावीस वर्षं हवं होतं. पण सरांनी मान हलवली. रागानं नव्हे, मुलाचं गणित चुकलं की हलवावी तशी. "नाही नाही," ते म्हणाले. "काहीतरी चुकतंय तुझं. तिनं कबूल केलं होतं. तिच्या तोंडानं कबूल केलं होतं." आणि मुलीकडे बघून म्हणाले, "सांग हिला."

मुलीनं कागद पलंगावर ठेवला. "आई गेली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती पण माझ्याकडे बघत नव्हती. "जेवत होतो आम्ही तिघं. एकदम म्हणाली, चुकली असेल चिठ्ठी माझ्याच हातून, आता आठवतंय मला. बाबा जेवता जेवता उठले आणि त्यांनी तिचा हात धरला. उष्ट्या हातानं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं फिरायला जायचे. बाबा तिला सगळं सांगायचे, पूर्वीसारखं. दहा महिने. मीच तिच्या मागे लागले होते, मावशी, म्हण ना एकदाचं हो, तुझं काय जातंय. मला वाटलं, सुटली बिचारी."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो तसाच वाहत राहिला. सर पांघरुणाच्या कडेकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, मगाशी दाणे मोजताना हलत होते तसे. मी उठावं की बसावं कळेना. मग त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, त्यांना न समजलेली गोष्ट ते ज्या आवाजात विचारायचे त्याच आवाजात:

"मग ती कबूल काय करत होती?"

या वेळी मला उत्तर येत होतं, आणि मी ते गिळलं नाही.

"तुम्ही त्यांच्याशी बोलावं म्हणून म्हणाल्या त्या, सर. दुसरं काही नाही."